क्रेगलियाच्या धुराड्यावरचं फूल

घर हे माणसाला राहण्यासाठी असतं, असा एक समज जगात फार जुना आहे. आमच्या आर्डलोगन गावात तो आता मागे पडला. घर समोरच्या रस्त्यावरून पाहण्यासाठी असतं, आणि आत माणूस असलाच तर त्याने पडदे नीट लावावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. मी डूगल निव्हन, आर्डलोगन वास्तुवारसा मंडळाचा गेली एकोणीस वर्षं सचिव. क्रेगलिया बंगल्याच्या प्रकरणात मंडळाला बाहेर बरीच नावं ठेवली गेली, म्हणून खरी हकिगत कागदावर यावी एवढाच माझा हेतू आहे. (नावं ठेवणाऱ्यांपैकी सात जणांच्या घरांना प्लास्टिकच्या खिडक्या आहेत. मी कोणाचं नाव घेत नाही. ती फेरीबोटीच्या धक्क्यावर फलकावर लावली आहेत.)

क्रेगलिया म्हणजे आमच्या किनाऱ्याचा मुकुटमणी. एबेनीझर टुलक नावाच्या ग्लासगोच्या छत्री-कारखानदाराने तो १८६८ साली बांधला. त्या काळी ग्लासगोत पैसा केलेला प्रत्येक माणूस शहराच्या धुराला कंटाळून आगबोटीने इकडे येई आणि अकरा धुराड्यांचं घर बांधी. टुलकसाहेबांनी वास्तुविशारदाला सांगितलं होतं म्हणे, की शेजाऱ्याच्या घराला जे जे आहे ते सगळं मला पाहिजे, आणि वर आणखी काहीतरी. त्यामुळे क्रेगलियाच्या तिकोनी भिंतींना दोन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या आहेत, कोपऱ्यात किल्ल्याचा बुरूज आहे, बुरुजावर शंकूसारखं टोकदार छप्पर आहे, इटलीत असतो तसा टेहळणीचा मनोरा आहे, आणि ओतीव लोखंडाच्या व्हरांड्याला लाकडी कापीव झालर आहे. मनोऱ्याला चारी बाजूंनी खिडक्या आहेत, पण वर जायला जिना नाही. नकाशात तो होता. बांधताना त्या जागी चिनी मातीच्या भांड्यांचं कपाट आलं. दीडशे वर्षांत त्या मनोऱ्यातून कोणीही समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे तिथलं रंगकाम उत्तम स्थितीत असावं असा मंडळाचा अंदाज आहे.

समुद्राच्या अंगाला सोळा उंच खिडक्या आहेत. त्यांतून खाडी, पलीकडचे डोंगर आणि ये-जा करणाऱ्या फेरीबोटी दिसतात, धुकं नसेल तर. मंडळाच्या नोंदवहीप्रमाणे वर्षातले सरासरी बेचाळीस दिवस ते नसतं. वारा मात्र बाराही महिने या खिडक्यांच्या फटींतून आत येतो, दिवाणखाना ओलांडतो, जेवणघरात थोडा रेंगाळतो आणि मागच्या दाराने बाहेर पडतो. त्यामुळे भिंतींना बुरशी धरत नाही. माणूस गारठतो, पण घर कोरडं राहतं. वास्तुविशारदाची ही दूरदृष्टी आम्ही आमच्या पुस्तिकेत पान चारवर गौरवली आहे.

या बंगल्यात मिस एफी लॅमॉन्ट राहतात. वय वर्षं ब्याऐंशी. आमच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला, त्यामुळे मंडळाचे नऊपैकी सहा सभासद त्यांचे विद्यार्थी आहेत आणि आम्ही सगळे त्यांना अजून बाईच म्हणतो. त्यांचे वडील बोटीवर इंजिनिअर होते. असले बंगले कोणी फुकट घेईना त्या दिवसांत त्यांनी हा घेतला. बाई गेली चाळीस वर्षं मागच्या स्वयंपाकघरात, कोळशाच्या चुलीशेजारी राहत होत्या. पुढच्या चौदा खोल्यांत वारसा राहत होता. दोघांचं एकमेकांशी बरं चाललं होतं.

आता त्या फुलाबद्दल. १९६४ च्या वसंतात बाईंच्या वडिलांनी दिवाणखान्याचं धुराडं साफ करायला काढलं. धुराडी साफ करणारा माणूस गावात होता, पण ज्या वस्तूला आटे असतात तिला दुसऱ्याचा हात लावू द्यायचा नाही, असा इंजिनिअर लोकांचा बाणा असतो. काम तसं सोपं. काठ्या एकमेकींना आट्यांनी जोडत जायच्या, टोकाला गोल ब्रश, आणि खालून वर सारत जायचं. नियम एकच, काठी कायम उजवीकडे फिरवायची, नाहीतर आटे सुटतात. वडिलांनी आतून ओरडून विचारलं, "दिसतोय का वर?" बागेत उभ्या आईने सांगितलं, "दिसतोय, दिसतोय!" त्या आनंदात त्यांनी काठी डावीकडे फिरवली. काठ्या खाली आल्या आणि ब्रश वरच राहिला. येत्या शनिवारी काढतो, असं ते म्हणाले. शनिवारी पाऊस होता. आमच्याकडे बहुतेक शनिवारी असतो.

तिसऱ्या आठवड्यात एडिनबर्गहून सरकारी पाहणी अधिकारी आले. त्यांना एका दिवसात एकेचाळीस बंगले पाहून चार वीसची फेरी गाठायची होती, आणि पाऊस होताच. क्रेगलियाची पाहणी त्यांनी समोरच्या बसथांब्याच्या आडोशाने केली आणि संरक्षित वास्तूंच्या यादीत लिहिलं : "पश्चिमेच्या धुराड्यावर लोह व तंतूंचा मूळ शिखरालंकार, थिसलच्या फुलाच्या आकाराचा, राष्ट्रप्रेमाचा असा आविष्कार अन्यत्र आढळत नाही." थिसल म्हणजे आमचं राष्ट्रीय काटेरी फूल. आम्ही ते नाण्यांवर घालतो, चहाच्या कपांवर घालतो, मेलेल्या माणसाच्या दगडावरही घालतो. तेव्हा धुराड्यावरही कोणीतरी घातलं असणार, याची कोणालाच शंका आली नाही. आणि यादीत जे चढलं त्याला सरकारी परवानगीखेरीज बोट लावता येत नाही.

मंडळाने या फुलासाठी काय केलं ते लोक सोयीस्करपणे विसरतात. १९९१ साली त्याचे तंतू वाऱ्याने उडून गेले, तेव्हा आम्ही वर्गणी जमवून जीर्णोद्धार केला. काम आर्ची टॉशने केलं. तो पिढीजात धुराडी साफ करणारा, हात फार कसबी. त्याने ते फूल 'पारंपरिक पद्धतीने' अवघ्या पंचवीस मिनिटांत नवं करून दिलं. आज ते आमच्या प्राथमिक शाळेच्या बिल्ल्यावर आहे, भांडी पुसायच्या फडक्यांवर आहे, आणि गावात आलेल्या दर शंभर पाहुण्यांपैकी एकोणनव्वद जण त्याचा फोटो काढतात. (उरलेले अकरा स्वच्छतागृह शोधत असतात.)

मग गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतलं वादळ आलं आणि स्वयंपाकघराचं धुराडं कोसळलं. ते पुन्हा बांधायला मंडळाने तात्काळ संमती दिली, उशीर केला म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अट एवढीच, की वीट मूळ भट्टीची असावी. भट्टी १९०८ साली बंद पडली आहे. शोध चालू आहे. बाकीच्या नऊ धुराड्यांची तोंडं बाईंच्या वडिलांनी वारा येतो म्हणून वर्तमानपत्रं कोंबून बुजवली होती, आणि ती वर्तमानपत्रं आता ऐतिहासिक ठरल्यामुळे काढता येत नाहीत. विजेची तार १९३४ सालची, तिच्यावर एक लहान हीटर चालतो, पण तेव्हा किटली लावायची नाही. नवी तार घालायची तर छताच्या कडेच्या प्लास्टरच्या दोनशे सोळा मिटलेल्या छत्र्यांना भोक पाडावं लागतं. तेव्हा राहता राहिली दिवाणखान्याची शेकोटी, आणि तिच्या डोक्यावर राष्ट्रीय फूल. साठ वर्षांत डोमकावळ्यांनी त्या फुलाच्या आधाराने इतकी घरटी रचली होती की धुराडं बाटलीला बूच बसावं तसं बंद झालं होतं.

डॉक्टरांनी बाईंना स्वच्छ सांगितलं की थंडीच्या आत एक तरी खोली उबदार झाली पाहिजे, नाहीतर मी ग्रीनकच्या वृद्धाश्रमाचा कागद भरतो. ग्रीनक खाडीपलीकडे आहे. बाईंनी जन्मभर नकाशात ते मुलांना दाखवलं, पण तिथे राहायला जायची त्यांची अजिबात तयारी नव्हती. त्यांनी मला बोलावणं पाठवलं.

दिवाणखान्यात त्या कोट, टोपी आणि हातमोजे घालून बसल्या होत्या.

"बस डूगल. कोट काढू नकोस, पस्तावशील."

"बाई, नमुना सात भरावा लागेल. 'शिखरालंकार तात्पुरता उतरवण्याबाबत.'"

"शिखरालंकार कसला डोंबलाचा! ब्रश आहे तो. बाबांचा."

"यादीत तसं नाही, बाई."

"यादीवाल्याने तो बसथांब्यातून बघितला रे. मी बावीस वर्षांची होते, आईच्या शेजारी उभी होते. जन्मभर बोटींची इंजिनं खोलली माझ्या बापाने, आणि नको तिथे डावीकडे फिरवलं."

"काही लेखी पुरावा?"

बाई उठल्या आणि शेकोटीच्या कोनाड्यातून त्यांनी काठ्यांची जुडी काढली. शेवटच्या काठीचे आटे मोकळे होते. "हे घे. शिडी लाव आणि तुझ्या अलंकाराला बसवून बघ."

मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. तशी नोंदही मी त्या दिवशीच्या टिपणात केली आहे.

मंडळाची बैठक एप्रिलमध्ये झाली. अध्यक्ष रॉनल्ड पर्डी हे निवृत्त दंतवैद्य आहेत. हलणारी वस्तू उपटायची हा त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय होता, त्याचं प्रायश्चित्त म्हणून ते आता काहीही उपटू देत नाहीत. काठ्या टेबलावर ठेवल्या. सगळ्यांनी त्या अदबीने पाहिल्या. मग मागच्या बाकावरून आर्ची टॉश उठला.

"हे बघा, मी साफच सांगतो," तो म्हणाला. "एक्क्याण्णवला तुमचं ते फूल मीच बदललं. गाडीत नवा ब्रश होता तो ठोकून दिला. दुकानातला. तुम्ही पारंपरिक म्हणालात, मी कशाला नाही म्हणू? अजून तीन आहेत गाडीत. बाईंना ऊब हवी असेल तर उद्या सकाळी काढून देतो, एक पैसा नको."

मग आमच्या खजिनदार मॉरा इंग्लिस हळूच म्हणाल्या, "म्हणजे, आपल्याकडे तीन अधिकृत प्रतिकृती आहेत?"

"आहेत," पर्डी म्हणाले, आणि आर्चीचे आभार मानण्याचा ठराव झाला. आर्ची काहीतरी बोलला. ते इतिवृत्तात घेतलेलं नाही.

काठ्यांच्या बाबतीत मात्र आम्ही स्वतःच्या मताने वागलो नाही. एडिनबर्गहून तज्ज्ञ मागवला. तरुण, हुशार मुलगा होता, येताना स्वतःचे सरकते गज आणि त्यांच्या टोकाला लावायचा छोटा कॅमेरा घेऊन आला. त्याने आटे तपासले, बाईंची जबानी घेतली आणि जूनमध्ये अहवाल पाठवला. बाईंचं म्हणणं शब्दशः खरं असल्याचं त्यात मान्य केलं होतं. वस्तू थिसल नसून ब्रश आहे, आणि तीही बदललेली आहे. म्हणूनच ती आजवर समजलं जात होतं त्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची ठरते, कारण राष्ट्रीय फुलं देशात ढिगाने आहेत, पण स्कॉटिश गृहस्थाच्या काटकसरीचं जागच्या जागी टिकलेलं असं स्मारक दुसरं नाही. बंगला दुसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत गेला. काठ्याही यादीत आल्या, आणि त्या जिथे सापडल्या तिथून, म्हणजे शेकोटीच्या कोनाड्यातून, हलवायच्या नाहीत असा आदेश निघाला. खऱ्याचं खोटं करणारी मंडळं पुष्कळ असतील. आम्ही बाईंना खरं ठरवलं आणि वर बढती दिली.

बाईंनी अहवाल वाचून घडी घातली. "बरं," त्या म्हणाल्या. मला तो स्वर शाळेपासून माहीत आहे. तो ऐकला की आम्ही वह्या काढत असू.

ऑगस्टच्या बैठकीला त्या स्वतः आल्या, हातात १९०३ सालचं एक पोस्टकार्ड घेऊन. त्यावर क्रेगलियाचं चित्र होतं आणि पश्चिमेच्या धुराड्यातून, त्याच धुराड्यातून, छान वळण घेत वर जाणारा धूर होता.

"रॉनल्ड, यादीतलं तिसरं वाक्य वाच. मोठ्याने, पुटपुटू नकोस."

पर्डी उभे राहिले. आपण अध्यक्ष आहोत याचा त्यांना विसर पडला असावा. "'बंगल्याची मूळ आकाशरेषा अबाधित राखणे बंधनकारक आहे,'" त्यांनी वाचलं.

"मग या मूळ आकाशरेषेत काय दिसतंय?"

"धूर, बाई."

"आणि आज काय दिसतं?"

"धूर नाही, बाई."

"म्हणजे साठ वर्षं ती कोणी बाधित केली? तुम्ही. बस खाली."

इतका बिनतोड मुद्दा मंडळासमोर कधी आला नव्हता. आम्ही पोस्टकार्ड हातोहात फिरवलं. मॉरा इंग्लिस यांचे डोळे पाणावले. मला स्वतःला उमाळा आला, आणि धूर हा क्रेगलियाच्या वास्तुशिल्पाचा अविभाज्य भाग असून तो विनाविलंब पूर्ववत करावा, असा ठराव मीच मांडला. तो एकमताने संमत झाला. बाईंनी हातमोजे चढवले. "मग उद्या आर्चीला पाठवा. मी कोळसा मागवते," त्या म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कोळसा?" पर्डींनी विचारलं. "ठरावात शेकोटीचा उल्लेख नाही, बाई. ब्रश पहिल्या श्रेणीतला आहे."

मार्ग आम्ही पंधरा दिवसांत काढला. गावाच्या हौशी नाट्यमंडळाकडे धुराचं एक यंत्र आहे, चेटकिणींच्या प्रवेशाला लागतं. ते छपरावर, धुराड्यामागे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बेताने बसवलं. धुराचा रंग कोणता असावा यावर तीन बैठका झाल्या आणि फिकट राखाडी ठरला. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार. यंत्राची तार खिडकीतून बाईंच्या भिंतीतल्या प्लगला दिली, त्यामुळे धूर चालू असेपर्यंत हीटर लावता येत नाही, पण चारनंतर तो पूर्णपणे त्यांचाच असतो. रविवारी यंत्र बंद ठेवतो, कारण देवाच्या दिवशी धूर काढणं आमच्या पाद्रीबुवांना पसंत नाही. परिणामी आठवड्यात तेवढा एकच दिवस बाईंना दिवसभर ऊब मिळते, आणि त्यांनी चर्चला येणं सोडलं आहे. याबद्दल पाद्रीबुवा नाराज आहेत.

उद्घाटनाच्या दिवशी बाई माझ्या शेजारी रस्त्यावर उभ्या होत्या. कळ दाबली, धूर निघाला, छान वळण घेत वर गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"डूगल," बाई वर बघत म्हणाल्या, "भूगोलात तुला मी पास केलं होतं का रे?"

"हो, बाई. बासष्ट गुण."

"चुकलंच माझं."

ऑक्टोबरात डॉक्टर आले. गाडीतूनच त्यांना धूर दिसला. चला, शेकोटी पेटली म्हणायची, असं समाधान मानून त्यांनी हात हलवला आणि ग्रीनकचा कागद फाडून टाकला. बाईंनी त्यांना काही सांगितलं नाही, फक्त हात हलवला. त्यांना घर सोडायचं नव्हतं, आणि ते आमच्यामुळे सुटलं नाही. मंडळावर टीका करणाऱ्यांना मी नेहमी एवढंच दाखवतो. सकाळी दहाला धूर सुरू झाला की बाई लोकरी टोपी घालून थर्मास घेऊन बाहेर पडतात. पाऊस असला तर फेरीच्या प्रतीक्षागृहात बसतात, कारण तिथे हीटर आहे. पाऊस नसला तर रस्त्यापलीकडे समुद्राकडे पाठ करून ठेवलेल्या बाकावर बसतात. तिथे वाऱ्याला आडोसा आहे, ऊन आलंच तर तिथे येतं, आणि जूनमध्येसुद्धा ती जागा त्यांच्या दिवाणखान्यापेक्षा चार अंशांनी उबदार असते. मी दोन्हीकडे मोजून पाहिलं आहे.

यंदाच्या जूनमध्ये तुम्हीही आला होतात. तुमची बस चहासाठी वीस मिनिटं थांबली होती. तुम्ही धक्क्यावरून क्रेगलियाचा फोटो काढलात आणि तो घरच्यांना पाठवताना खाली लिहिलंत, 'धूर बघा, आत किती ऊब असेल! म्हातारपणी असं घर पाहिजे.' मंडळाच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही. फोटोत बाकावरची एक टोपीवाली म्हातारी मध्ये येत होती. तुम्ही तिला फार अदबीने, हसून, जरा बाजूला व्हायला सांगितलंत, आणि ती झाली. फोटो छान आला आहे.